जागा वाईट की चालवणारा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तुमच्या मेहुण्यांची गाडी गावाजवळच्या वळणावर रस्ता सोडून बाभळीवर आदळली. खुब्याचं हाड मोडलं, पण जीव वाचला. पोलिसांनी गुन्हा त्यांच्यावरच नोंदवला. त्याच वळणावरचा वर्षभरातला हा तिसरा अपघात. घरचे म्हणतात, सुसाट चालवतो, कधीतरी होणारच होतं. गावातले म्हणतात, जागाच वाईट आहे. खरं कोणाचं?

बत्तीस वर्षं मी रस्ते बांधण्यात घालवली. निवृत्तीनंतर रस्ता सुरक्षेचं ऑडिट करतो, म्हणजे अपघात झालेल्या जागी जाऊन, तिथे चालून, मोजून, रात्री पुन्हा एकदा जाऊन, नेमकं काय चुकलं ते शोधतो. माझ्या मते दोघांचंही खरं आहे, पण गावकऱ्यांचं म्हणणं जास्त कामाचं आहे.

आधी तो एफआयआर काढून वाचा. त्यात थोड्याफार फरकाने हे वाक्य असणारच: 'ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून स्वतःच्या दुखापतीस कारणीभूत झाला.' असे कितीतरी एफआयआर माझ्या हाताखालून गेले. गाव बदलतं, तारीख बदलते, गाडीचा नंबर बदलतो, हे वाक्य जागचं हलत नाही. गंमत अशी की 'रस्त्याची परिस्थिती' हे शब्द त्यात आहेत, पण ती परिस्थिती काय होती, हे पंचनाम्यात कुठेच येत नाही. 'सदर रस्ता डांबरी असून दक्षिणोत्तर आहे', एवढ्यावर काम भागतं. वळणाची त्रिज्या, साईडपट्टीची खोली, फलक होता की नव्हता, यातलं काहीही नाही.

यात हवालदाराचा दोष नाही. कायद्याला आरोपी लागतो आणि वळणाला आरोपी करता येत नाही. पण हेच कागद गोळा होऊन पुढे देशाची आकडेवारी बनते. २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यातल्या साधारण ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिलंय 'अतिवेग'. हा आकडा मी खोटा ठरवत नाही, आपल्याकडे लोक वेगातच चालवतात. पण वेग मोजला कोणी? कॅमेरा असलेले रस्ते सोडले तर कोणीच नाही. गाडीचा चेंदा बघून 'भरधाव होती' असं ठरतं. ऐंशीच्या वेगाने कठड्यावर आदळलेली गाडी आणि एकशेवीसने आदळलेली गाडी, दोन्ही रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्याला सारख्याच भयानक दिसतात.

'नव्वद टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात' हे वाक्य तुम्ही प्रत्येक रस्ता सुरक्षा सप्ताहात ऐकलं असेल. अशा आकड्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा १९७० च्या दशकातला अभ्यास असतो. तिथल्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष अपघातांच्या जागी जाऊन कारणं तपासली होती. माणसाचा वाटा निघाला ९२.६ टक्के अपघातांत. इथवर सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासात रस्ता आणि परिसराचा वाटा ३३.८ टक्के अपघातांत आहे, आणि वाहनाचा १२.६ टक्के. बेरीज करा, १३९ येते. म्हणजे कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. माणूस चुकला म्हणून रस्ता सुटत नाही आणि रस्ता चुकला म्हणून माणूस सुटत नाही.

आता गावकऱ्यांकडे वळू. तुमच्या त्या वळणावर कोणीतरी नारळ फोडला असेल, लिंबू-मिरची बांधली असेल, कदाचित शेंदूर फासलेला दगडही बसला असेल. माझ्या अनेक ऑडिटच्या जागांवर असा दगड आहे. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. आता मी तो नकाशावर टिपून घेतो. 'ही जागा बळी घेते' हे गावाने काढलेलं कारण चूक असेल, पण निरीक्षण अचूक आहे. हयगय करणारे चालक जिल्हाभर सारखेच पसरलेले असतात. दोष फक्त त्यांचा असता तर अपघातही जिल्हाभर सारखे विखुरले असते. ते तसे होत नाहीत, ठरावीक ठिकाणी साचतात. चालक दर वेळी वेगळा, गाडी वेगळी, गाव वेगळं. कायम असतं ते वळण. सरकारनेही हे मान्य केलंय. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जीव गेले, तर तो पट्टा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. शेंदराऐवजी पिवळा फलक लागतो, 'अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा'. बऱ्याच ठिकाणी काम तिथेच थांबतं. हा फलक म्हणजे कबुलीजबाब आहे, उपाय नव्हे, आणि तो लावून फाईल बंद करणारे बघितले की अजूनही माझं डोकं फिरतं.

वाईट रस्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खड्डा येतो. खड्ड्याने माणसं मरतात, दुचाकीवाले विशेषतः, आणि ते लाजिरवाणंच आहे. २०२२ मध्ये खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू सरकारी नोंदीत १,८५६ आहेत. पण एकूण आकड्यापुढे ठेवलं तर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. खड्डा निदान चालकाला जागं ठेवतो. मला भीती वाटते ती गुळगुळीत रस्त्याची, जो पुढे सगळं ठीक आहे असं सांगतो आणि ऐन वेळी शब्द फिरवतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मराठवाड्यातल्या एका गावातून जाणारा रस्ता आम्ही रुंद केला. आधी साडेपाच मीटरचा, उखडलेला, दोन्ही बाजूंना गुरं बांधलेली. आम्ही तो सात मीटर केला, दोन वाकडी वळणं सरळ केली, काळंभोर डांबर टाकलं. उद्घाटनाला पेढे वाटले. शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, हे नकाशात स्पष्ट दिसत होतं. पण आमच्या अंदाजपत्रकात ना गतिरोधक होता, ना पादचाऱ्यांसाठी काही. पहिल्या आठ महिन्यांत तिथे दोन मुलं गेली. जुन्या रस्त्यावर माझ्या माहितीत एकही गेलं नव्हतं, कारण तिथे वीसच्या वर गाडी जातच नव्हती. दोन्ही गुन्हे ट्रकचालकांवर दाखल झाले आणि दोन्हींत ते 'हयगयीने, अविचाराने' आलं. खोटं नव्हतं ते. पण त्या चालकांना साठचा वेग कोणी दिला, हे माझ्याशिवाय आणि माझ्या वरिष्ठांशिवाय कोणी विचारलं नाही, आणि आम्ही दोघं गप्प बसलो. पुढे गावकऱ्यांनीच रातोरात दगड-मुरमाचा एक बेढब ढिगारा रस्त्यात घातला. तो काढायची ऑर्डर माझ्याच टेबलावर आली होती.

तेव्हा चालक निर्दोष असं मी म्हणत नाही. माणूस चुकणारच, हे मी धरून चालतो. दमतो, मोबाईल बघतो, बायको काही विचारते म्हणून मान वळवतो, पैसे वाचवायला घासलेला टायर तसाच ढकलतो. यातलं काही गुन्हा आहे, काही नुसतं माणूसपण. त्या चुकीची शिक्षा खरचटणं की मरण, हे मात्र बऱ्याचदा रस्ता ठरवतो.

आपल्या पश्चिम महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. गाळप हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उतरतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि त्यावर लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. तुम्ही सत्तरच्या वेगाने चाललाय, म्हणजे दुपदरी रस्त्यावर मोटारीला कायद्याने जितकी मुभा आहे तेवढ्याच वेगाने. सत्तरला गाडी सेकंदाला साधारण १९ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला आम्ही रस्त्याच्या रचनेत अडीच सेकंद धरतो. झाले ४८ मीटर. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला आणखी पन्नासेक. म्हणजे शंभर मीटर हवेत. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यात, तुम्हाला स्पष्ट दिसतं ते चाळीस-पन्नास मीटर, आणि समोरून कोणी अप्पर मारत येत असेल तर तेवढंही नाही. नियमात चालवूनही तुम्ही त्या ट्रॉलीत घुसणार. दुसऱ्या दिवशी पेपरात 'भरधाव कारची ट्रॉलीला धडक'. बेफिकिरी इथे होतीच, पण ती दिवा न लावणाऱ्याची, हंगामभर ते चालवून घेणाऱ्यांची आणि कडेला पांढरी पट्टीसुद्धा न मारणाऱ्या आम्हा रस्तेवाल्यांची.

दोन्ही बाजू एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर पुण्याचा नवले पूल बघा. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की बाह्यवळण महामार्गावर काही किलोमीटर उतारच उतार आहे. मालाने भरलेला ट्रक इथे न्यूट्रलवर टाकायचा, ही चालकांची जुनी सवय. मालक डिझेल मोजून देतो, वाचेल ते चालकाचं. पण न्यूट्रलवर इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात आणि त्यांचे लायनर पकड सोडतात. इंजिनच बंद केलं असेल तर हवेचा दाबही भरला जात नाही. चालक पाय दाबत राहतो आणि गाडी पळत राहते. बरं, आताच्या गाड्यांत गिअरमध्ये उतार उतरताना इंजिन डिझेल घेतच नाही, न्यूट्रलला मात्र थोडं थोडं पीत राहतं. म्हणजे जी बचत म्हणून जीव धोक्यात घालायचा, ती बचतही नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने इथे दोन डझन गाड्या चेपल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा तेच, या वेळी आग लागली आणि आठ जण गेले.

चालकाची चूक? शंभर टक्के. पण त्या उताराच्या तळाशी काय आहे ते बघा. आंबेगाव, नऱ्हे, वडगाव अशी वाढत गेलेली वस्ती, कॉलेजं, आणि सलग सेवारस्ता नसल्याने महामार्गावरच येणारी दुचाक्या-रिक्षांची गर्दी. वरून चाळीस टनांचा ट्रक आणि खाली गोगलगायीच्या चालीने सरकणारी रांग, यांची गाठ आपणच घालून दिलीय. नवले पुलावर ब्रेक फेल झाला की बातमी होते. तोच ब्रेक मोकळ्या माळावर फेल झाला असता तर ट्रक शेतात गेला असता आणि चालक शिव्या खात चहा पीत बसला असता. दर मोठ्या अपघातानंतर तिथे रंबलर (गाडीला हादरे देणारे आडवे पट्टे), कॅमेरे, फलक वाढतात. त्यांचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण भरधाव सुटलेल्या ट्रकला रंबलर थांबवत नाही. त्याला बाजूला घेणारी, वाळूने भरलेली चढाची मार्गिका लागते आणि स्थानिक वाहतुकीला वेगळा रस्ता लागतो. जागा मिळवणं महाग पडतं, म्हणून 'चालकांचं प्रबोधन' स्वस्तात उरकलं जातं.

दुसरं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू. गाडीच्या चालकावर गुन्हा नोंदला गेला. तपासात रस्त्याबद्दलही निघालं: तीन पदरी येणारा रस्ता पुलाशी दोन पदरी होतो आणि पुलाचा काँक्रीटचा कठडा वाहनांच्या वाटेत पुढे आलेला. तिसऱ्या पदरातला माणूस सरळ चालला तर थेट त्या कठड्याच्या तोंडावर जातो. गाडीत चौघं होते. पुढचे दोघं पट्टा लावून बसले होते, ते वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते गेले. गाडी तीच, रस्ता तोच, धडक तीच, आणि मरण-जगण्याचा फैसला एका पट्ट्याने केला. चालक की रस्ता हा वाद घालणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो, कारण यातली कुठलीही एक गोष्ट काढून घेतली असती तरी निकाल कदाचित वेगळा लागला असता. आणि यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट कोणती होती, तेही कळतं.

फक्त रस्ताच दोषी, असंही कधी कधी घडतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसट्या त्यात गेल्या. त्या एसटीचालकांनी काय करायला हवं होतं, ते कोणी सांगावं.

'आपले लोक सुधारणार नाहीत, रस्ते कितीही सुधारा' असं म्हणणाऱ्यांना मी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दाखवतो. ९४ किलोमीटरच्या या रस्त्यावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले. त्यानंतर तिथे नेट लावून काम झालं. दुभाजकात तारांचे रोधक बसले, म्हणजे झोप लागलेला माणूस पलीकडच्या पदरात जाऊन समोरच्याला मारणार नाही. पुलांचे उघडे खांब आणि कठड्यांची टोकं झाकली गेली. कडेला थांबणाऱ्या ट्रकांवर आणि पदर तोडणाऱ्यांवर कारवाई झाली, रुग्णवाहिका लवकर पोचायला लागल्या. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. या तीन वर्षांत मुंबई-पुण्याचे चालक काही साधुसंत झाले नव्हते. आजही तिथे उजव्या पदरात रांगणारे ट्रक आहेत आणि डावीकडून सूं करून जाणारे महाभाग आहेत. तरीही पन्नासहून जास्त माणसं त्या वर्षी घरी पोचली.

मग चालकांना शिकवायचंच नाही का? शिकवा, पण हेल्मेट न घालणाऱ्याला गुलाबाचं फूल देण्याचा जो वार्षिक सोहळा होतो त्याने एकही डोकं वाचलेलं मी पाहिलं नाही. पकडलं जाण्याची खात्री असली की माणूस नीट चालवतो. शंभरातल्या एकाला पाच हजार दंड केला की उरलेले नव्याण्णव त्याला दुर्दैवी समजतात. शंभरच्या शंभर जणांना पाचशे केला की सवय बदलते.

आता तुमच्या वळणाबद्दल. मी ते पाहिलेलं नाही, त्यामुळे मेहुण्यांचा वेग किती होता हे त्यांनाच विचारा, आणि दावा करायचा विचार असेल तर त्यांना खरंच सांगायला लावा. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकिलाला आजच भेटा. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड करणारं १९८-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. ते वापरलं गेल्याचं क्वचितच दिसतं, पण अर्जात त्याचा उल्लेख असला की अर्ज जरा जास्त काळजीपूर्वक वाचला जातो, असा माझा अनुभव आहे. तिन्ही अपघातांचे एफआयआर क्रमांक आणि तारखा एका कागदावर मांडा आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. तिथे 'जागा वाईट आहे' असं लिहू नका. काय वाईट आहे ते लिहा, आणि त्यासाठी एक दिवस तिथे घालवा.

दिवसा जा, बरोबर मोजपट्टी आणि पाण्याची मोठी बाटली न्या. दोघांनी जा, एकाने वाहनांवर नजर ठेवायची. आधी डांबराची कड बघा. नवं डांबर जुन्यावर चढवत गेलेत आणि साईडपट्टी भरलेली नाही, असं असेल तर कडेला वीतभर पायरी तयार झालेली असेल. तिची उंची मोजा, फोटो काढा. चाक त्या पायरीवरून उतरलं की माणूस दचकून स्टिअरिंग उलटं ओढतो आणि गाडी फेकली जाते. मग वळणाच्या बाहेरच्या बाजूला, कडेपासून मीटरभर आत, रस्त्यावर बाटली ओता. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली हवी, म्हणजे पाणी रस्ता ओलांडून आतल्या बाजूला वाहायला हवं. डांबरीकरणाच्या गडबडीत पुष्कळदा मधोमध उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार दिला जातो, सरळ रस्त्यावर देतात तसा. तसं झालं असेल तर पाणी बाहेर, त्या बाभळीकडे जाईल. गाडीलाही रस्ता तिकडेच ढकलत असतो.

रात्री साडेनऊला पुन्हा जा, मेहुणे ज्या बाजूने आले त्याच बाजूने या आणि वळण आहे हे तुम्हाला किती अंतरावरून कळतं ते पावलं मोजून लिहा. पाणी कुठल्या बाजूला वाहिलं आणि पावलं किती भरली, एवढं मला कळवा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.